दोन शेळ्यांचं कोठार

छावणीतून नाशिक रस्त्याला लागलं की मिटमिट्याच्या अलीकडे पडेगाव येतं. छत्रपती संभाजीनगर शहराने ते केव्हाच पोटात घेतलं आहे. दौलताबाद-वेरूळला निघालेल्यांना ते गाडीच्या खिडकीतून दिसतं, तेवढंच. पण मराठवाड्यातल्या शेळीवाल्यांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र इथे आहे. महामंडळ 1978 सालचं. रांजणी, महूद, दहिवडी, अंबाजोगाई अशी त्याची राज्यात आणखीही प्रक्षेत्रं आहेत. जातिवंत नर-माद्या पैदा करायच्या, त्या पशुपालकांना पुरवायच्या, चाऱ्याची लागवड दाखवायची आणि शेळीपालनाचं प्रशिक्षण द्यायचं, असं या प्रक्षेत्रांचं काम. पडेगावात दिसते ती मुख्यतः काळी, लांब कानांची उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण जनावरांच्या जातींच्या नोंदवहीत शेळी अजून उस्मानाबादीच आहे.

ग्रामीण सक्षमीकरण, अन्नसुरक्षा, कौशल्यविकास, भागीदारी हे शब्द गेल्या दोन-तीन दशकांत इतके वापरले गेले आहेत की ते वाचताना डोळा पुढे सरकतो. या शब्दांना हाडामांसाचं काही आहे का, हे तपासायला मी शेळी निवडली. कारण साधं आहे. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटी सहा लाख शेळ्या मोजल्या गेल्या, आणि त्या मोठ्या गोठ्यांत नाहीत. त्या दोन-दोन, तीन-तीन अशा, घराच्या कुडाला बांधलेल्या आहेत. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे. शेळीला सण नाही. उलट सणाच्या दिवशी तिच्या कुळातल्या कुणाची तरी पाळी येते.

मराठवाड्यात ठिकठिकाणी भरणाऱ्या शेळीपालनाच्या वर्गांना मी बसले आहे. अशाच एका वर्गात (गाव आणि संस्था सांगत नाही) फळ्यावर शंभर शेळ्यांच्या शेडचा नकाशा काढला होता. पुढच्या रांगेतली पोरं मोबाइलवर फोटो घेत होती. मागच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, ‘‘सर, माज्याकडं दोनच हायेत. त्यांचं सांगा की.’’ सर चांगले होते. हसून म्हणाले, ‘‘मावशी, आधी दहा तर करा.’’ वर्ग हसला, मावशीही हसल्या, आणि विषय पुढे गेला. मला मात्र तो प्रश्न सुटला नाही. दोन शेळ्या म्हणजे शंभर शेळ्यांचा पन्नासावा भाग, असं फळ्यावरच्या गणितात होतं. घरात तसं नसतं, आणि या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच.

आधी जनावराविषयी. उस्मानाबादी मादीचं वजन साधारण तीस-बत्तीस किलो भरतं. गाभणकाळ पाच महिन्यांचा. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात आणि जुळी करडं तिच्यात नेहमीची. दूध दिवसाला अर्धा ते दीड लिटर, तेही तीन-चार महिने. ती गाईसारखी जमिनीलगतचं गवत चरत बसत नाही. मागच्या पायांवर उभी राहून बोरी-बाभळीचा पाला ओरबाडते, शेंगा वेचते, तुरीचं भुसकट खाते. म्हणजे ज्या कोरडवाहू प्रदेशात गाईला उन्हाळा काढणं अवघड, तिथे ही तग धरते. ‘गरिबाची गाय’ असं तिला म्हणायची पद्धत आहे. मला ते नाव पटत नाही. गाय दूध देते म्हणून पाळतात. भूमिहीन बाई शेळी पाळते ती विकता येते म्हणून, आणि हवी तेव्हा विकता येते म्हणून.

हा कच्चा हिशेब पाहा. दोन माद्या, दोन वर्षांत तीन-तीन वेतं, वेताला सरासरी दीड करडू. नऊ करडं झाली. दोन मेली असं धरू, कारण करडं मरतात आणि हिशेबाच्या कागदावर ती बहुधा मरत नाहीत. उरली सात. त्यातले तीन-चार बोकड विकायला, एखादी पाठ, म्हणजे तरुण मादी, घरी ठेवायला. बोकडाला सहा-सात हजार धरले तर दोन वर्षांत वीस-पंचवीस हजार, महिन्याला हजाराच्या आसपास. ‘उत्पन्न’ म्हणून हा आकडा कुणाला दाखवला तर तो खांदे उडवील. पण हे पैसे महिन्याला येत नाहीत, हीच त्यांची खुबी. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, आषाढात संपलेली ज्वारी, अचानक आलेलं दवाखान्याचं बिल, अशा नेमक्या दिवशी ते येतात. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळतं. त्यामुळे तांदूळ-गव्हाचा प्रश्न बराच हलका झाला, हे मान्य केलं पाहिजे. पण डाळ, तेल, भाजी, अंडं हे रोख पैशाचं अन्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ती कमतरता रेशनच्या पोत्याने भरत नाही. तिथे शेळी उपयोगी पडते, ताटातल्या मटणाच्या रूपाने क्वचित, मोडता येणाऱ्या ठेवीच्या रूपाने नेहमी.

मराठवाड्याची आठवण 1972 च्या दुष्काळापाशी वरचेवर जाते. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी, खडी फोडणारे हात. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिचा कायदा 1977 साली झाला. कामाचा हक्क मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. पण काम मागणं, हजेरी लागणं आणि मजुरी हातात पडणं यांत दिवस जातात. ते दिवस घर कशावर काढतं, हे विचारलं की पुष्कळदा दावणीकडे बोट जातं. अलीकडच्या दुष्काळांत चारा छावण्या निघाल्या, त्या प्रामुख्याने गाईबैलांसाठी. शेळी बहुतेक वेळा घरीच राहिली.

आता शासन या शेळीसाठी काय करतं? राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची दहा शेळ्या आणि एक बोकड अशी गटवाटप योजना आहे. 2021 मध्ये सुधारलेल्या दरांनुसार उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीला 8,000 आणि बोकडाला 10,000 रुपये धरून, विम्यासह गटाचा खर्च 1,03,545 रुपये होतो. सर्वसाधारण गटाला 50 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान. म्हणजे दलित भूमिहीन कुटुंबालाही पंचवीस-सव्वीस हजार स्वतःचे किंवा बँकेचे घालावे लागतात. त्याच वर्षी केंद्राचं राष्ट्रीय पशुधन अभियान नव्या रूपात आलं. त्यात शंभर शेळ्या आणि पाच बोकडांपासून पुढे पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांपर्यंतचे प्रकल्प बसतात आणि निम्मं भांडवली अनुदान मिळतं, कमाल मर्यादा 50 लाख. या योजना वाईट नाहीत. शिकलेल्या, थोडी जमीन-पाणी असलेल्या तरुणाला त्यातून धंदा उभा करता येतो. पण दोन शेळ्यांवाली मावशी या शिडीच्या पहिल्या पायरीच्याही खाली उभी आहे. तिला वर चढायचंच आहे, असं गृहीत धरून सगळी आखणी झालेली दिसते. दहा शेळ्या म्हणजे दिवसाला तीस-चाळीस किलो हिरवा पाला, पाणी, आणि एका माणसाची सबंध मजुरी. जिच्याकडे जमीन नाही तिने हे आणायचं कुठून? दोन शेळ्या कामावर जाता-येता, बांधावरून, आकडीच्या काठीने पाला पाडून सांभाळता येतात. तिसरीला जागा होते, पाचवीला नाही.

बंदिस्त शेळीपालनाचा आग्रह एवढा का, याला एक जुनं कारण आहे. शेळी रोपं खाते, डोंगर बोडके करते, असा तिच्यावर आरोप आहे आणि तो अगदीच खोटा नाही. राळेगणसिद्धीच्या अनुभवातून पुढे आलेल्या आदर्श गाव योजनेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ही सूत्रंच होती. पाणलोटाच्या कामांनी कितीतरी गावांत विहिरींना पाणी आणलं. हिवरे बाजारसारखी गावं त्यातून उभी राहिली. मात्र पाणी वाढलं ते ज्याच्याकडे विहीर, त्याचं. चराई थांबली ती जिच्याकडे फक्त शेळी, तिची. काही वर्षांनी डोंगर हिरवा झाल्यावर गवत कापून नेण्याची मुभा मिळते, पण मधल्या वर्षांत शेळ्या विकल्या गेलेल्या असतात. ‘शेळ्या बांधून पाळा’ हा सल्ला या कोंडीवरचा तोडगा म्हणून आला. ज्याच्या बांधावर सुबाभूळ, शेवरी, हादगा लावता येतो त्याला तो लागू पडतो. भूमिहीनाला बांधच नसतो.

त्यात गायरानाचा प्रश्न मिसळलेला आहे, आणि तो सरळ नाही. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी गायरानं कसून पोट भरलं, त्यासाठी मार खाल्ला, लढे दिले. 14 एप्रिल 1990 पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय त्या लढ्यांमुळे झाला. त्या जमिनी त्यांच्याच राहायला हव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण उरलेल्या गायरानावर अलीकडे सौरऊर्जेच्या प्रकल्पांसारखे नवे दावेदार आले आहेत. अशा वेळी ग्रामसभेत शेळीवालीचं म्हणणं कोण मांडतं? चराऊ रान कमी होणं हा तिच्या अन्नसुरक्षेचा प्रश्न आहे, पण कागदावर तो महसूल खात्याचा विषय असतो, अन्नाच्या खात्याचा नव्हे.

मावशींच्या प्रश्नाकडे येते. दोन शेळ्यांचं काय सांगायचं? पडेगावसारख्या ठिकाणाहून जे ज्ञान आणि जी जनावरं बाहेर पडतात, त्यांतल्या तीन गोष्टी तिच्या कामाच्या आहेत, आणि तिन्ही तिला एकटीला करता येत नाहीत.

पहिली लस. शेळ्यांचा प्लेग म्हणतात तो पीपीआर रोग कळपात शिरला की दावण रिकामी करतो. याचा विषाणू बुळकांडीच्या विषाणूचा भाऊबंद. बुळकांडी 2011 साली जगातून नाहीशी झाली. पीपीआर 2030 पर्यंत घालवायचा जागतिक संकल्प आहे. लस चांगली आहे, एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. पण ती येते बऱ्याच मात्रांच्या कुपीत. कुपीत द्रावण मिसळलं की दीड-दोन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात ठेवावी लागते. दोन शेळ्यांसाठी ती कुपी कोण फोडणार? फोडली तर उरलेली वाया. म्हणजे लस टोचायची तर गावातल्या सगळ्या दोन-दोन शेळ्या एका सकाळी एका पाराखाली आणाव्या लागतात. हे काम डॉक्टरांचं नाही. ते करतात ‘उमेद’ अभियानातल्या पशुसखी, बचत गटांतून निवडून, शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बायका. आदल्या संध्याकाळी त्या घरोघर सांगत फिरतात, कुणाची शेळी गाभण आहे ते ध्यानात ठेवतात. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, वेळेवर जंतनाशक, करडू जन्मल्यावर तासाभरात चीक पाजणं, एवढ्या गोष्टींनी मी हिशेबात धरलेल्या दोन मेलेल्या करडांपैकी एक तरी वाचतं. भागीदारी हा शब्द मला इथे पहिल्यांदा खरा वाटला: शीतपेटी सरकारची, टोचायची परवानगी आणि देखरेख डॉक्टरांची, आणि शेळ्या गोळा करण्याची पत एका शेजारणीची.

दुसरी गोष्ट बोकड. पंचवीस-तीस माद्यांना एक नर पुरतो, त्यामुळे दोन शेळ्यांवाली बोकड पाळत नाही. रानात जो भेटेल तो. तिथेच घोळ आहे. बकरी ईदला चांगला, भरलेला, निर्दोष, वर्षावरचा बोकड लागतो आणि त्याला भावही मिळतो. गावातला उत्तम नर दरवर्षी असा बाजारात जातो. मागे उरलेल्या किडमिड्या नरापासून पुढची पिढी होते, आणि तोच तीन-चार वर्षं राहिला तर स्वतःच्या लेकींनाही लागतो. कुणाचीही चूक नसताना जात उतरत जाते. जातिवंत पैदाशीच्या प्रक्षेत्राचा खरा उपयोग इथे आहे. एका गटाने मिळून एक खात्रीचा बोकड आणायचा, सांभाळणारीला खुराकाचे पैसे द्यायचे, दोन वर्षांनी शेजारच्या गावाशी अदलाबदल करायची. दुसरा मार्ग कृत्रिम रेतनाचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळीच्या गोठित रेतावर काम केलं आणि म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बायकांना त्याचं शिक्षण दिलं. माण तालुक्यात त्यांना ‘शेळीच्या डॉक्टरणी’ म्हणतात. हातात पेटी घेऊन वस्तीवर येणारी बाई पाहिल्यावर सुरुवातीला पुरुष हसत, पण शेळ्या गाभण राहू लागल्यावर हसणं थांबलं, असं तिकडे सांगतात.

तिसरी गोष्ट वजनकाटा. शेळी नजरेने विकली जाते. व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, कंबर चाचपतो आणि आकडा सांगतो. त्याची नजर रोजची तयार असते, हिची वर्षातून दोनदा लागते. शिवाय वर्षभर शेळी राखते बाई आणि सौदा करतो घरातला पुरुष, ही पद्धत अजून मोडलेली नाही. काटा नसेल तर एक साधी पट्टीही चालते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि 660 ने भागायचं. किलोत वजन मिळतं. घेर 28 इंच आणि लांबी 26 इंच असेल तर सुमारे 31 किलो. किलो-दोन किलो इकडेतिकडे होईल, पण ‘वीस किलोचं हाये’ म्हणणाऱ्याला गप्प करायला पुरेसं आहे. एका गावात बचत गटाच्या बायकांनी ही पट्टी शिंप्याकडून मागून आणली होती.

आणि कधी विकायचं, हेही शिकवण्यासारखं आहे, खरं तर शिकण्यासारखं. शेळीचा बाजार पंचांगावर चालतो, आणि एक नव्हे, दोन पंचांगांवर. आषाढात, म्हणजे आखाडात मटणाला मागणी चढते, श्रावण लागला की पडते. बकरी ईद चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते: 2023 साली 29 जून, 2024 साली 17 जून, 2025 साली 7 जून. ईदसाठीचा बोकड वर्ष पूर्ण केलेला हवा, म्हणजे आदल्या ईदच्या आधी जन्मलेला हवा, म्हणजे त्याची आई त्याच्याही पाच महिने आधी गाभण राहिलेली हवी. हा हिशेब छावणीच्या गुरुवारच्या बाजारात येणाऱ्या कितीतरी निरक्षर बायकांना तोंडपाठ आहे. वर्गात तो फळ्यावर लिहिलेला मी अजून पाहिला नाही.

या सगळ्यात एक जुनी भागीदारी आहे, तिची नोंद कुठल्या अहवालात सहसा सापडत नाही. तिला अर्धलीनं शेळी देणं म्हणतात. एकीची शेळी, दुसरीची राखण, करडं निम्मी-निम्मी. जिच्याकडे विकत घ्यायला पैसे नाहीत तिच्या दावणीला अशी पहिली शेळी येते. यात पिळवणूकही होते. मालकीण सधन असली तर करडू मेल्याचा दोष राखणारीवर येतो, चांगली पाठ मालकीण उचलते. पण दोघी एका आळीतल्या असल्या तर हा व्यवहार बराच न्यायाने चालतो, आणि दोन वर्षांत राखणारीची स्वतःची शेळी होते. अनुदान नाही, अर्ज नाही, पंचवीस हजारांचा हिस्सा नाही. काही बचत गटांनी हीच रीत थोडी बदलून घेतली आहे: गटाची शेळी सभासदाला द्यायची आणि पहिल्या वेतातली एक पाठ गटाला परत घ्यायची, ती पुढच्या बाईकडे जाते.

धाराशिव-लातूरकडे स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था 1993 च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून उभी राहिली. तिथल्या बायकांनी घरच्या जमिनीतला एक एकर मागून घेतला आणि त्यात सोयाबीन-उसाऐवजी ज्वारी, डाळी, भाज्या लावल्या, आधी घरच्या ताटासाठी. 2016 साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. त्या एकराला लेंडीखत लागतं, शेळीला त्या एकरातलं भुसकट लागतं. ज्यांच्या घरी एकर आहे त्यांचं चक्र असं जुळतं. ज्यांच्या घरी नाही, त्यांना लेंडीखत विकून भुसकट मागून आणावं लागतं, आणि ते देणारी-घेणारी कोण हे जातीवर आणि शेजारावर ठरतं.

त्या वर्गातल्या मावशी मला नंतर एकदा छावणीच्या बाजारात भेटल्या. बरोबर बोकड होता, मुलगा होता आणि ब्लाउजच्या पिशवीत गुंडाळलेली शिंप्याची पट्टी. व्यापाऱ्याने आकडा सांगितला. मावशींनी पट्टी काढली, बोकडाच्या छातीभोवती फिरवली, मुलाने मोबाइलवर गुणाकार केला. व्यापारी वैतागून म्हणाला, ‘‘मावशी, कापड घेताय का बोकड विकताय?’’ चारशे रुपयांनी वाढला. मावशींनी मान हलवली आणि दावं सोडलं नाही. मी निघाले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि सौदा अजून चालू होता.